भरल्या चरवीवरचा शब्द

केरबाची हाक म्हणजे साधीसुधी हाक नव्हे. म्हसोबाच्या तळ्याच्या उतारावर उभं राहायचं, डावा हात कानाला लावायचा आणि थेट बेंबीच्या देठापासून आवाज काढायचा, 'हय्योऽऽ शेवंते, ये गं बया!' तळ्यात नुसतं नाक वर ठेवून बसलेली शेवंता कान हलवायची, तिच्या पाठीवरचा बगळा उडायचा आणि बाईसाहेब डुलत डुलत पाण्याबाहेर यायच्या. शेवंता निघाली की तिच्यामागनं गल्लीतल्या झाडून सगळ्या म्हशी. दुसऱ्या कुणी घसा फोडून घेतला तरी एक हलायची नाही. गल्लीतल्या गड्यांनी कितीदा त्याची नक्कल करून बघितली. म्हशी त्यांच्याकडं बघायच्या आणि पुन्हा रवंथ करायला लागायच्या.

बाहेर आलेल्या शेवंतेला केरबा मूठभर सरकीची पेंड द्यायचा. हाक मारली आणि पेंड दिली नाही, असं कधी झालं नाही. एखाद्या दिवशी चुकून मोकळ्या हातानं गेलाच, तर हाक न मारता घरी परत यायचा, पेंड घ्यायचा आणि मग जाऊन हाक मारायचा. त्याची बायको विठाबाई त्याला हसायची. म्हशीला काय कळतंय, म्हणायची. केरबा म्हणायचा, तिला न्हाय कळलं तर मला तर कळतंय की.

घर तळ्यामागच्या गल्लीत, गोठा घरालाच लागून. आज्यापासनं धंदा हाच. सकाळी आणि दिवेलागणीला तळ्याच्या कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर म्हशी नेऊन उभ्या करायच्या आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळता पेला त्याच्या हातात द्यायचा. तालमीतनं आलेली पोरं, फिरायला आलेले पेन्शनर, डोळे चोळत बापाचं बोट धरून आलेली शाळकरी लेकरं, सगळी त्याची गिऱ्हाइकं. सकाळची धार झाली की म्हशी तळ्यात. म्हशीला पाणी नको का? काळं कातडं, त्यात ऊन, तिला दोन वेळची वैरण जेवढी लागते तेवढंच डुंबायला लागतं. आणि तळ्यात उतरायला वाट एकच, हा उतार. बाकी सगळीकडनं दगडी बांध. त्यामुळं तळं सरकारचं असलं तरी उतार गल्लीचा, असंच सगळे धरून चालले होते.

श्रावणात निशिगंधा आली. ती काही परकी नव्हती, आणि खरी गोम तिथंच आहे. परकी असती तर गल्लीनं चार हात लांब ठेवली असती. ही कोल्हापुरातलीच पोर. लहानपणी आज्याचं बोट धरून कट्ट्यावर यायची आणि केरबाच्या हातचं दूध पिऊन ओठावर पांढऱ्या मिशा काढायची. पुढं बाहेरगावी जाऊन चित्रकला शिकली, मोठमोठ्या लोकांत वावरली आणि आता एका संस्थेचं काम घेऊन परत आली होती. तळं आणि तळ्याकाठची माणसं मिळून एक कलाकृती करायची, असं ते काम. चित्रं कलाकारांनी काढायची नाहीत, तळ्याच्या माणसांनी काढायची. आवाज, गोष्टी, माती, रंग, सगळं इथलंच. केरबाला त्यातलं अर्धंअधिक कळलं नाही, पण पोरगी 'मामा' म्हणत गोठ्यात उकिडवी बसली, शेणाच्या वासानं नाक मुरडलं नाही, शेवंतेच्या कपाळावर हात फिरवला. तेवढ्यात गडी विरघळला.

मग काय विचारता! रोज येणं-जाणं सुरू. तळ्याला फेरी मारायची, पाणी कुठं खोल, कुठं गाळ, पाणकोंबडी अंडी कुठं घालते, कुठल्या सालच्या पुरात पाणी म्हसोबाच्या दगडापर्यंत आलं होतं, हे सगळं बोलायचं. बायकांनी धुण्याच्या दगडांची नावं सांगितली. केरबा तर सुटलाच. आयुष्यात त्याला कुणी काही विचारलं नव्हतं, विचारलं तर दुधात पाणी किती घालतोस एवढंच. आता एक शिकलेली पोर त्याचं बोलणं मान डोलवून ऐकत होती. चारचौघांत बोलताना तो छाती काढून 'आमचा प्रोजेक्ट' म्हणायला लागला. विठाबाई म्हणायची, म्हातारपणी ह्या माणसाला शिंगं फुटलीत.

एक दिवस निशिगंधा एका माणसाला घेऊन आली. त्याच्या हातात केसाळ उंदरासारखा माईक. केरबाची हाक टिपायची होती. केरबानं कानाला हात लावला आणि हाक दिली. ते म्हणाले, पुन्हा. वारा आला, पुन्हा. गाडी गेली, पुन्हा. शेवंता बिचारी दर हाकेला बाहेर यायची आणि केरबा दर खेपेला तिला पेंड द्यायचा. शेवटी पिशवी रिकामी झाली तेव्हा त्यानं हात जोडले, आता बास म्हणाला. निशिगंधेनं मोबाइलवर त्याचाच आवाज त्याला ऐकवला. केरबा लाजला. एवढा मोठा आवाज हाय व्हय माझा, असं त्यानं विठाबाईला घरी येऊन तीन-तीनदा विचारलं.

गणपती उठले आणि गल्लीत कुजबुज सुरू झाली. तळ्याचं सुशोभीकरण होणार, कडेनं कठडा येणार, जनावरांना बंदी येणार. मागच्या उन्हाळ्यात एक ठेकेदार उतारावर खणायला आलाच होता, पण पाण्यात म्हशी आणि काठावर माणसं, त्याला जागाच कुणी दिली नव्हती. आता ही चित्रंवाली मंडळी त्याचीच पुढची पायरी तर नव्हेत, असं अमरसिंह म्हणाला. अमरसिंहाचा गोठा गल्लीत सगळ्यांत मोठा, तालमीत त्याच्या शब्दाला वजन. त्यानं सरळ सांगितलं की आधी खुलासा, मग चित्रं. नाहीतर गल्लीतला एक माणूस ब्रश धरणार नाही.

केरबानं मध्ये पडून म्हसोबासमोर बैठक बसवली. निशिगंधा आली. म्हणाली, कठड्याचं मीही ऐकलंय, पण आपलं काम म्हशींसाठीच आहे, भिंतीवर म्हशी असतील तर उतार बंद करायची कुणाची छाती होईल? बोलणं पटण्यासारखं होतं. तरी अमरसिंह म्हणाला, चरवीवर बोला.

ह्या गल्लीची ही रीत. शब्द द्यायचा तर दुधानं भरलेल्या चरवीच्या काठावर हात ठेवून द्यायचा. दुधावर हात ठेवून खोटं बोललं तर बोलणाऱ्याची म्हैस आटते. सोयरिकी, भावकीची भांडणं, वाटण्या, सगळं गल्लीनं चरवीवर मिटवलेलं आणि कुणी शब्द फिरवलेला नाही. विठाबाईनं ताज्या दुधाची चरवी आणून ठेवली. निशिगंधेनं हात ठेवला आणि म्हणाली, "म्हशींचा उतार बंद होणार नाही. कुणी करायला आलं, तर तुमच्या आधी मी आडवी पडेन."

विठाबाई चरवीशेजारीच उभी होती. ती म्हणाली, "हिच्या दारात म्हैस हाय व्हय आटायला?"

सगळे हसले. बाई बोलली ते खोटं नव्हतं. जिच्या घरी पिशवीतलं दूध येतं तिचं काय आटणार? पोरीचं तोंड उतरलं. केरबाला ते बघवलं नाही. तो उठला, तिच्या हाताशेजारी स्वतःचा हात चरवीवर ठेवला आणि म्हणाला, "हिच्या बाजूनं माझी शेवंता."

आता ही चूक गवळ्याशिवाय दुसरं कोण करणार, सांगा. जगात लोक दुसऱ्यासाठी जामीन राहतात ते कागदावर, आणि त्यातनं सुटायच्या चार वाटा आधी बघून ठेवतात. ह्या बाबानं दुसरीच्या शब्दाला आपली म्हैस जामीन ठेवली. पण गल्लीला ते पटलं. केरबाची शेवंता मध्ये आली म्हटल्यावर अमरसिंहानंही मान हलवली. बैठक उठली.

दसरा झाला आणि भिंतीचं काम सुरू झालं. उताराला लागूनच एक लांबलचक भिंत होती, पानाच्या पिचकाऱ्यांनी रंगलेली. ती घासून काढली. चुना, गेरू, काजळी, तळ्याच्या गाळाची माती, शेण, सगळं कालवून बायकांनी रंग केले. खरं सांगायचं तर ते दिवस फार सुखाचे गेले. कधी भिंतीला पाठ टेकण्यापलीकडं काही न केलेल्या माणसांनी भिंतीवर पाणी काढलं, बगळे काढले, म्हसोबाचा शेंदरी दगड काढला. विठाबाईनं सुद्धा कुरकुर करत करत पाण्यात एक रेडकू काढलं, आणि ते सगळ्यांत चांगलं जमलं. मधोमध शेवंता, तिची तलवारीसारखी शिंगं, आणि तिच्यासमोर कानाला हात लावून उभा असलेला केरबा. हे दोघं निशिगंधेनं स्वतः काढले. केरबा येता-जाता तिथं थांबायचा आणि मिशीवरनं हात फिरवायचा.

शिवाय एक कमान करायची ठरली. उताराच्या दोन्ही बाजूंना दोन लोखंडी खांब रोवायचे आणि वरून रंगवलेली पाटी, 'तळ्यावर स्वागत'. खांब जड होते. गल्लीतल्या गड्यांनी खांदा दिला, केरबानं ओळंबा धरला, काँक्रीट पडलं. खांबांना बाजूनं कसल्यातरी कड्या होत्या. माळा अडकवायला असतील, असं गल्लीला वाटलं.

दिवाळीचा पाडवा म्हणजे कोल्हापुरात म्हशींचा दिवस. पहाटे उतारावर म्हशी घासायच्या, अंगावरचे केस कातरून नक्षी काढायची, शिंगं रंगवायची, मोरपिसं, कवड्यांच्या माळा, पायात घुंगरू. मग सायलेन्सरची पुंगळी काढलेल्या मोटरसायकलींचा कानठळ्या बसवणारा आवाज आणि मालकाच्या हाकेबरोबर गाडीमागनं धावणारी म्हैस! बघायला सगळं गाव लोटतं. पण त्या दिवशीही उतार मोकळा सोडत नाहीत. गाभण म्हशी पळवायच्या नसतात, त्या पाण्यात बसतात आणि गल्लीतली म्हातारी माणसं त्यांच्या राखणीला उतारावर. शेवंता त्या साली गाभण होती.

पाडव्याच्या आदल्या दिवशी निशिगंधा केरबाच्या घरी आली. कॉटवर बसली, चहा घेतला, चकली खाल्ली. तिचं म्हणणं असं की उद्या पाहुणे येणार, वरून कॅमेरा उडवून फिल्म घेणार, तेव्हा एकही म्हैस मागं राहायला नको. गाभण म्हशी पळवायच्या नाहीत, नुसत्या सावकाश चालत मैदानापर्यंत आणायच्या. म्हाताऱ्या माणसांचाही तिथंच फेटे बांधून सत्कार आहे. केरबा घुटमळला. उतार मोकळा सोडायची रीत न्हाय पोरी, म्हणाला. तिनं त्याचा हात धरला आणि म्हणाली, तासाभराचं काम आहे, मामा. तुमच्या हाकेशिवाय त्या पाण्यातनं उठणार नाहीत. तेवढी एक हाक माझ्यासाठी मारा.

मारली. पाडव्याच्या उन्हात केरबा उतारावर उभा राहिला, कानाला हात लावला आणि अशी हाक दिली की पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. शेवंता निघाली, तिच्यामागनं जड पोटाच्या सगळ्या म्हशी निघाल्या. तळं पार मोकळं झालं. असं मोकळं तळं केरबानं जन्मात बघितलं नव्हतं, जाता जाता त्यानं दोनदा मागं वळून बघितलं. पण मैदानावर हलगी वाजत होती, डोक्याला फेटा बांधला जात होता. माणसाला फेटा बांधला की त्याचं डोकं जरा कमीच चालतं.

मिरवत, गुलाल उडवत गल्ली तळ्यावर परत आली आणि जागच्या जागी उभी राहिली. कमानीच्या खांबांच्या त्या कड्यांत पोलादी फाटक अडकवलेलं होतं. जाडजूड, चकचकीत, साखळी आणि कुलूप. आतल्या बाजूला रखवालदार आणि बाहेर पोलिसांची गाडी. फाटकावर पाटी, जनावरांना सक्त मनाई. रंगवलेल्या शिंगांची, मोरपीस खोवलेली शेवंता रोजच्या सवयीनं पुढं गेली आणि तिचं तोंड गजांना लागलं. तिनं गज हुंगले, मग गजांतनं जेवढं जाईल तेवढं नाक आत घातलं आणि पाण्याकडं बघत उभी राहिली.

अमरसिंह पोलिसांवर धावून गेला, लोकांनी त्याला धरलं, बरीच बाचाबाची झाली. केरबाला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. तो भिंतीकडं गेला. निशिगंधा तिथं पाहुण्यांबरोबर उभी होती. त्याला बघून बाजूला आली.

"पोरी, तुला ठाऊक हुतं?"

तिनं खाली बघितलं. "कालच कळलं, मामा. सकाळी."

"काल तू माझ्या घरात च्या पीत हुतीस."

ती बरंच काही बोलली. विरोध केला असता तर सगळं कामच बंद पडलं असतं, भिंत अर्धी राहिली असती, म्हशींसाठी दुसरीकडं हौद बांधायचं सरकारनं कबूल केलंय, ती स्वतः पाठपुरावा करील. आडवी पडणार होती ती बाई, पण तो विषय तिनं काढला नाही आणि केरबानंही काढला नाही. त्याच्या डोक्यात एकच घुमत होतं. ठेकेदाराला जमलं नाही, सरकारला जमलं नाही, ते त्याच्या हाकेनं केलं. तळं त्यानं स्वतःच्या तोंडानं मोकळं करून दिलं होतं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि केस सुद्धा त्याच्याच डोक्याचा.

गल्लीनं काय करावं? भिंतीच्या टोकाला दगडी पाटी बसवली होती, तिच्यावर 'समस्त गवळी बांधवांच्या सहभागातून', आणि खाली पहिलं नाव केरबाचं. ते वाचल्यावर अमरसिंहानं त्याच्याशी बोलणं टाकलं. केरबा विकला गेला, असं कट्ट्यावर लोक त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलायला लागले. एका सकाळी भिंतीवरच्या केरबाच्या तोंडावर कुणीतरी शेणाचा गोळा हाणला. शेवंतेच्या चित्राला मात्र कुणी हात लावला नव्हता. केरबानं ते बघितलं आणि पुसलं नाही. राहू दे, म्हणाला, बरोबर जागी लागलंय. दोन-चार दिवसांनी विठाबाई गेली आणि ओल्या फडक्यानं भिंत स्वच्छ करून आली. घरी आल्यावर एवढंच म्हणाली की वाळलं की निघत न्हाय.

हौद आजतागायत झालेला नाही. म्हशी गोठ्यात नळीच्या पाण्यावर. अमरसिंहानं थोड्या म्हशी राधानगरीकडं पावण्यांकडं पाठवल्या, काहींनी विकल्या. शेवंता माघात व्याली. रेडी झाली, खरवस झाला, पण आधीच्या वेतासारखं दूध तिला चढलं नाही. तरी केरबा तिला कट्ट्यावर न्यायचा. धंदा तर करायलाच पाहिजे.

आणि मग होळीनंतर तळ्याच्या बागेचं उद्घाटन झालं. खांबांवर सुबक करडे स्पीकर बसवले होते. त्यांतनं दिवेलागणीला 'तळ्याचे आवाज' ऐकवायचे, असा त्या कामाचा शेवटचा भाग होता. केरबा कट्ट्यावर शेवंतेची धार काढत होता. लांबनं पाणकोंबडीचा आवाज आला, मग कपडे आपटल्याचा, मग म्हशींच्या गळ्यातल्या घंटांचा. आणि मग, 'हय्योऽऽ शेवंते, ये गं बया!'

केरबाचे हात थांबले. शेवंतेनं कान उभे केले. मालक तिच्या पोटाशी बसलेला होता, पण हाक तर तळ्यावरनं येत होती. तिनं एक हिसडा दिला, चरवी कलंडली, दूध फरशीवरनं वाहायला लागलं आणि ती निघाली. तशीच, डुलत डुलत. पोरं-पोरी बाजूला सरली. फाटकाशी जाऊन ती थांबली आणि मान फिरवून इकडंतिकडं बघायला लागली. पेंड शोधत होती. केरबा धावत पोचला तेव्हा त्याचे दोन्ही हात दुधानं माखलेले होते आणि मुठीत काही नव्हतं.

त्या दिवशी केरबा रडला. फाटक लागलं तेव्हा रडला नव्हता, गल्लीनं वाळीत टाकल्यासारखं केलं तेव्हा रडला नव्हता. विठाबाईला म्हणाला की मी तिला आजवर खोटी हाक मारली न्हवती.

तेव्हापासून हे रोजचं झालं. गोठ्यात बांधून ठेवली तरी हाक तिथंवर यायची, आणि शेवंता दावं ताणून हंबरडा फोडायची. एका रविवारी निशिगंधा पाहुण्यांना भिंत दाखवायला आली, तेव्हा केरबा तिला भेटायला गेला. भांडायला नव्हे. त्याचं म्हणणं एवढंच होतं की बाकी सगळे आवाज लावा, फक्त माझी हाक काढा. शेवंता रोज येते आणि तिला कुणी काही सांगू शकत नाही. निशिगंधेचे डोळे भरून आले, ते खोटे नसावेत. पण ती म्हणाली, "मामा, त्या हाकेवरच तर सगळं उभं आहे. तो आवाज आता तुमचा एकट्याचा कुठं राहिलाय? तो तळ्याचा झालाय."

तेवढ्यात पाहुण्यांनी तिला बोलावलं आणि ती गेली.

वैशाखात शेवंता आटली. वेळेच्या कितीतरी आधी. डॉक्टर म्हणाला, उन्हाचा ताण, डुंबायला मिळत नाही, दुसरं काय होणार. केरबालाही ते कळत होतं, तो काही दूधखुळा नव्हता. पण चरवीच्या काठावर शेजारी-शेजारी ठेवलेले दोन हात त्याच्या डोळ्यांपुढनं हलेनात. एकीनं शब्द मोडला आणि भरपाई मुक्या जनावरानं केली. विठाबाई त्याला टोचून काही बोलली नाही. तिनं कोपऱ्यातल्या डब्यातली पेंड काढली, कागदात बांधली आणि त्याच्या हातात दिली. म्हणाली, "हाक तुमचीच हाय न्हवं? मग जावा."

आता केरबा रोज दिवे लागायच्या आधी शेवंतेचं दावं सोडतो आणि फाटकापाशी जाऊन स्पीकरच्या खांबाखाली उभा राहतो. पाणकोंबडी बोलते, कपडे आपटतात, घंटा वाजतात. मग वरनं त्याचाच आवाज येतो, पूर्वीचा, भरदार, काहीही ठाऊक नसलेला. शेवंता चालत येते. केरबा मूठ उघडतो. ती त्याच्या तळहातावरची पेंड जिभेनं साफ करते आणि गजांतनं पाण्याकडं बघत उभी राहते.

लोक मोबाइल काढून उभे असतात. रखवालदार नव्या माणसांना सांगतो, थांबा जरा, आता म्हैस येती बगा. कुणी टाळ्याही वाजवतात. मध्यंतरी निशिगंधेचा फोन आला होता. म्हणाली, मामा, तुम्ही रोज तिथं येऊन उभे राहता हे मला कळलं, फार सुंदर आहे ते, आपण तेही कामाचाच भाग म्हणून दाखवू या का? केरबानं फोन विठाबाईच्या हातात दिला. विठाबाईनं तो बंद केला.

एखाद्या दिवशी न जाता बघू, असं त्याच्या मनात आलं होतं. म्हणजे त्यांचा खेळ तरी मोडेल. एका संध्याकाळी तो गोठ्यातच बसून राहिला. तळ्यावरनं हाक आली. शेवंतेनं दावं ताणलं नाही, हंबरली नाही. नुसती मान वळवून तिनं त्याच्याकडं बघितलं.

केरबा उठला, डब्यात हात घातला आणि मूठ भरून घेतली.